त्रेचाळिसावी ओळ

डोन्या तेन्चांनी पाणी मागितलं आणि मी उठायच्या आत त्या स्वतःच माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या. मला ते मुळीच आवडलं नाही. पहिल्यांदा घरी आलेल्या माणसानं बाहेर बसावं, पाणी त्याला हातात आणून द्यावं, एवढी रीत मेक्सिकोतही असणारच. मी मागोमाग गेले तर बाई नळापाशी उभ्या. पेला तोंडाला लावलेला आणि नजर सिंकशेजारच्या जाळीवर. तिथं माझी सकाळची भांडी निथळत होती. एक ताटली, एक कप, एक चमचा.

"छान आहे घर," त्या म्हणाल्या. "शांत आहे."

ऑफिसात एका कागदावर सही राहिली होती म्हणून त्या आल्या होत्या. सही झाली, पाणी झालं, तरी त्या निघेनात. शेवटी मी कॉफी टाकली. कपाट उघडून कप काढते तोवर त्यांनी पिशवीतून स्वतःचा कप काढून टेबलावर ठेवला. निळा, एनॅमलचा, कडेला दोन टवके उडालेला.

माझं डोकंच फिरलं. मी बार्शीकडची, बनसोड्यांची. माझ्या वडिलांचा कप गावच्या हॉटेलात बाहेर वळचणीला ठेवलेला असे. तो त्यांनी स्वतः उचलायचा, स्वतः विसळायचा आणि परत तिथंच ठेवायचा. त्यामुळे वेगळा कप दिसला की मी आधी चिडते आणि मग विचार करते. मी विचारलं, माझ्या घरचे कप चालत नाहीत का? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सवय आहे, लिसेन्सियादा," म्हणाल्या. आपल्याकडे 'मॅडम' म्हणतात तसं त्या मला लिसेन्सियादा म्हणायच्या. मग त्या त्याच निळ्या कपातून कॉफी प्यायल्या, कप त्यांनी माझ्याच नळाखाली धुतला, पुसला आणि पिशवीत टाकून निघून गेल्या. तो गुरुवार होता.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. मी तेव्हा अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या यकिमा खोऱ्यात राहत होते. मैलोन्‌मैल सफरचंदाच्या बागा, आणि बागांत राबणारी बहुतेक माणसं मेक्सिकोतून आलेली. या बागांवर आणि शीतगृहांवर गब्बर झालेल्या एका कुटुंबानं फाउंडेशन काढलं होतं. खोऱ्यातल्या लॅटिनो वस्त्यांत काम करणाऱ्या लहान संस्थांना ते अनुदान द्यायचं. मी तिथं अधिकारी होते. अर्ज वाचायचे, संस्था बघायची, अहवाल लिहायचा. मंजूर-नामंजूर करणारं मंडळ वेगळं. स्पॅनिश मी आधी एका शाळेच्या ऑफिसात काम करताना शिकले होते. माझा रंग बघून लोक मला मेक्सिकोतल्या वाहाकाकडची समजायचे. सुरुवातीला मी दुरुस्ती करायची, पुढं सोडून दिलं.

डोन्या तेन्चांची संस्था म्हणजे 'ला तासा'. डोन्या म्हणजे बाई, आणि तासा म्हणजे कप. पन्नाशी ओलांडलेल्या अकरा बायका, सगळ्या सफरचंदं पेटीत भरायच्या कामावरून निवृत्त झालेल्या. खोऱ्यात म्हातारे मजूर खूप होते. तरणेपणी एकटे आले, आयुष्यभर गावाकडं पैसे धाडले, आणि पैसे थांबले तसे तिकडचे फोनही थांबले. कुणाच्या गॅरेजात, कुणाच्या शेडमध्ये एका खोलीत ते पडून असत. या बायका दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी त्यांच्याकडे जायच्या, तासभर बसायच्या, कॉफी प्यायच्या, गप्पा मारायच्या.

"एवढंच?" आमचे संचालक डेल ऑस्टर यांनी पहिल्या वर्षी मला विचारलं होतं. एवढंच. कॉफी पिण्याला 'कार्यक्रम' म्हणायला मला तीन खर्डे लागले. पण अनुदान मिळालं. त्यातून लाँड्रीमागची एक खोली, एक जुनी व्हॅन आणि तिचं पेट्रोल एवढं भागत होतं. पुष्कळ म्हाताऱ्यांकडे कागदपत्रं नव्हती, म्हणून यादीत नावं द्यायची नाहीत, असं मीच ठरवून दिलं होतं. नुसता क्रमांक, वय, प्रांत आणि आयुष्यभर केलेलं काम. मी त्यांच्या खोल्यांवरही कधी गेले नाही. ऑफिसची माणसं दारात दिसली की ती घाबरायची.

माझं स्वतःचं सांगायचं तर नवरा, विलास, त्याच्या चार वर्षं आधी ह्यूस्टनला गेला होता. नोकरीसाठी गेला आणि एका बाईसाठी राहिला. बार्शीला आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. दर रविवारी ती फोनवर विचारायची, जावई कुठायत? मी सांगायची, भाजी आणायला गेलेत. चार वर्षं माणूस भाजीच आणत होता.

पुढच्या गुरुवारी डोन्या तेन्चा परत आल्या. एक फॉर्म घेऊन, यातली सातवी ओळ कळत नाही म्हणून. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी एक कागद. साडेपाचला दार वाजायचं, निळा कप बाहेर यायचा. आमचा नियम असा की अर्जदाराकडून कॉफीपलीकडे काही घ्यायचं नाही, आणि इथं तर कॉफी माझीच होती. तेव्हा माझं मन साफ होतं. बिचाऱ्या बाई सहावीपर्यंत शिकलेल्या, त्यांना मी ऑफिसच्या वेळेबाहेर मदत करते आहे, याचा मला थोडा अभिमानसुद्धा वाटायचा.

कागदाचं काम दहा मिनिटांत व्हायचं. उरलेला वेळ आम्ही बोलायचो. बार्शीत जेवायला काय असतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. एकदा शेंगदाण्याची चटणी चाखून त्यांनी सांगितलं की यात लिंबू पिळायला हवं. मिचोआकानमधलं त्यांचं गाव, पोत्यावर झोपून काढलेला पहिला हिवाळा, वारलेला नवरा. पाचव्या की सहाव्या गुरुवारी माझी लिसेन्सियादाची 'मिहा' झाली. मिहा म्हणजे पोरी. त्याच दिवसापासून त्या मला अगं-तुगं करू लागल्या आणि मला ते आवडलं. त्यांना मी विलासच्या भाजीची गोष्ट सांगितली. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या, मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं ते थांबेना. ही गोष्ट मी जगात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते. त्यांनी काहीच समजूत घातली नाही. आपल्या कपातली कॉफी संपवत बसून राहिल्या.

बुधवारी संध्याकाळी मी कॉफीचा डबा उघडून बघायला लागले, हेही सांगून टाकते. गुरुवारी काम असलं तरी पाचला ऑफिस सोडायची.

असे सात महिने गेले आणि अनुदानाच्या नूतनीकरणाची वेळ आली. एका शुक्रवारी सकाळी डेलनी मला खोलीत बोलावलं. ला तासाची यादी त्यांच्यासमोर होती. डेल माणूस सज्जन, पण मंडळाला फार घाबरायचे. त्यांनी पेन्सिलीनं शेवटच्या ओळीवर गोल केला होता. बेचाळीस ओळी ठीक होत्या. मिचोआकान, ७८, बागकाम. वाहाका, ८१, बागकाम. हालिस्को, ७३, शीतगृह. त्रेचाळिसावी ओळ अशी होती: स्त्री, ४४, प्रांत 'लांबचा', काम 'कागदांचं'.

"हा निधी पासष्टीच्या पुढच्या शेतमजुरांसाठी आहे, हेमा," डेल म्हणाले. "ही कोण?"

मी म्हटलं, चूक असेल. ते म्हणाले, चूक असेल तर काढून आण. मंगळवारी मंडळाची बैठक होती. मंडळात मालकांचा एक पुतण्या होता. हा निधी तिथून उचलून शाळेच्या फुटबॉल मैदानाला द्यावा, असं तो दोन वर्षं म्हणत होता आणि कारण शोधत होता. नियमात न बसणारी एक ओळ त्याला पुरली असती. मग खोली गेली, व्हॅन गेली. अकराजणींपैकी गाडी चालवता येणाऱ्या तिघीच, आणि म्हातारे पन्नास मैलांत विखुरलेले. बेचाळीस माणसांच्या दारावर मग आठवड्यातून एकदाही थाप पडणार नव्हती.

मी तशीच गाडी काढून लाँड्रीमागच्या खोलीवर गेले. रस्ताभर मी बाईंवर वैतागत होते. कुणीतरी ओळखीची पोरगी दिली असेल घुसवून, एवढं समजावलं तरी यांना नियम कळत नाहीत. खरं सांगते, मला दुसरं काही सुचलं नव्हतं. मला चव्वेचाळीस पूर्ण होऊन दोन महिने झाले होते, तरी नाही.

डोन्या तेन्चा एकट्याच होत्या, शिलाई करत बसल्या होत्या. मी यादी समोर ठेवली आणि ही ओळ काढा म्हणून सांगितलं. मंडळाचं, पुतण्याचं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग टेबलाच्या खणातून एक जाड वही काढून मांडीवर ठेवली. त्यांची खरी यादी त्या वहीत होती, नावांची.

"काढता येत नाही," त्या म्हणाल्या.

"का नाही?"

"जाळी बघितल्याशिवाय नाव घालत नाही आम्ही. आणि जाळी बघितल्याशिवाय काढतही नाही."

कसली जाळी, मी विचारलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला त्यांची पद्धत सांगितली. माणूस एकटं आहे का, हे विचारायचं नाही. विचारलं की सगळे सांगतात, पोरगा येतो, शेजारीण येते, मजेत आहे. म्हणून पाणी मागायचं आणि आपणच आत जायचं. भांडी निथळतात तिथं बघायचं. एकच ताटली, एकच कप असला की आणखी दोनदा वेगवेगळ्या दिवशी जाऊन बघायचं. तिन्ही वेळा एकच कप असला तर नाव वहीत. आणि आपण जाऊ तेव्हा आपला कप आपण न्यायचा, आपणच धुऊन परत आणायचा. आपला कप त्यांच्या जाळीत राहिला तर मग जाळी खोटं बोलायला लागते.

मी त्यांच्या पिशवीकडे बघितलं. निळ्या कपाचा कान बाहेर आला होता.

"ही बाई वहीत कधीपासून आहे?" मी विचारलं.

"तुझ्याकडे पाणी प्यायले, तिथून तिसऱ्या गुरुवारपासून."

बार्शीच्या शाळेत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कारकून वर्गात यायचा आणि सवलतीची पुस्तकं मिळणाऱ्यांची यादी वाचायचा. नाव आलं की उभं राहायचं आणि यादी संपेपर्यंत उभंच राहायचं. बनसोडे हेमलता. चाळीस पोरं वळून बघायची. मी सातवीत होते तेव्हाच ठरवलं होतं की एक दिवस मी टेबलाच्या पलीकडे बसेन, यादी वाचणाऱ्याच्या बाजूला. बसलेही होते. सात समुद्र ओलांडून बसले होते, आणि या बाईनं मला परत उभं केलं होतं.

मी फार बोलले. मदत मी करत होते, फॉर्म मी भरून देत होते, अनुदान मी मिळवून दिलं होतं, आणि तुम्ही मला गरजूंच्या यादीत टाकता, असं मी म्हणाले. याहूनही वाईट बोलले असेन. डोन्या तेन्चा शिवण खाली ठेवून ऐकत राहिल्या.

"फॉर्म मला येतात भरता," त्या शांतपणे म्हणाल्या. "बावीस वर्षं मी युनियनचे फॉर्म भरले."

सात महिन्यांतले सगळे कागद माझ्या डोळ्यांसमोरून गेले. सातवी ओळ, अकरावी ओळ, ही तारीख कुठं घालायची.

मग मी त्यांना सांगितलं की तुमच्या वहीत चूक आहे. मी एकटी नाही. माझा नवरा परत आलाय. काल रात्रीच आला. इतकी वर्षं आईला सांगून सांगून माझी जीभ सरावली होती, ती कुठं अडखळली नाही.

त्यांनी वही मिटली. "हे तर उत्तम झालं," म्हणाल्या. "उद्या बाराला येते. जाळी बघते आणि नाव काढते."

"नुसतं काढून टाका ना."

"काढलं की कुणी येणार नाही, मिहा. आमच्या बायका वहीप्रमाणे चालतात. मीसुद्धा. म्हणून बघून काढायचं."

शनिवारी सकाळी मी दुकानात गेले आणि एक कप, एक ताटली आणि एक चमचा घेतला. माझ्याकडे कपाटात जुने कप होते, लग्नातले. पण ते विलासनं घेतलेले होते आणि या खोटेपणासाठी मला त्यांना हात लावायचा नव्हता. घरी येऊन मी सगळं नळाखाली धरलं. माझी ताटली, नवी ताटली. माझा कप, नवा कप. साडेअकराला पुन्हा एकदा पाणी मारलं, कारण ती तोवर सुकायला आली होती. बाथरूममध्ये विलासचा जुना टॉवेल टांगला. एवढं करून मी सोफ्यावर बसून राहिले. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाराला दार वाजलं. डोन्या तेन्चांच्या हातात नुसती वही होती. त्या दिवशी त्यांनी पिशवी आणली नव्हती. त्यांनी पाणी मागितलं. मी जागची उठले नाही. उठवतच नव्हतं. त्या आत गेल्या, नळ वाजला, बंद झाला. तरी त्या बाहेर येईनात, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

त्यांनी नवा कप उचलून उलटा धरला होता. बुडाला किमतीची चिकटपट्टी तशीच होती, ओली होऊन एका कोपऱ्यानं सुटलेली. मी इतक्यांदा पाणी मारलं होतं आणि खाली एकदाही बघितलं नव्हतं.

त्यांना मी दिसले. अंगठ्याच्या नखानं त्यांनी ती पट्टी खरवडली. ती दोन तुकड्यांत निघाली. थोडा डिंक राहिला, तोही त्यांनी बोटानं चोळून काढला. तुकडे आपल्या स्वेटरच्या खिशात टाकले, कप पुन्हा विसळला आणि माझ्या कपाशेजारी जाळीत पालथा घातला.

"बाहेर गेलेत?" त्यांनी विचारलं.

"हो. भाजी आणायला," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ओट्यावर वही उघडली, शेवटच्या पानावर त्रेचाळीस आकड्यापुढं हेमलता लिहिलेलं होतं, आपल्या लिपीत नाही, त्यांच्या. त्यावर त्यांनी एक सरळ रेघ मारली. मला वाटलं, आता त्या माझा हात धरतील किंवा काही म्हणतील, आणि त्या एक शब्द जरी बोलल्या असत्या तरी मी त्यांना थांबवलं असतं. पण मी जे मागितलं होतं ते त्या मला देत होत्या, आणि पुरतं देत होत्या. दारात त्यांनी मला लिसेन्सियादा म्हणून निरोप दिला.

मंगळवारी मंडळानं ला तासाचं अनुदान तीन वर्षांसाठी मंजूर केलं. पुतण्यानं यादी दोनदा वाचली आणि त्याला काही सापडलं नाही. डेलनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. व्हॅन चालू राहिली. पुढं त्या यादीत साठ ओळी झाल्या, मग सत्तर. डोन्या तेन्चा ऑफिसात यायच्या, फॉर्म भरून आणायच्या. एकाही फॉर्ममध्ये कधी एक चूक नसायची. आम्ही एकमेकींशी नीट, हसून बोलायचो. माझ्या घरी त्या परत कधी आल्या नाहीत. त्यांनी शब्द पाळला, आणि तो मोडायला सांगायला मला सहा वर्षांत एकदाही तोंड उघडता आलं नाही. सहा वर्षांनी त्या गेल्या.

त्या मंगळवारनंतरच्या गुरुवारी मी पाचला ऑफिस सोडलं. सवयीनं. कॉफी टाकली ती दोघींची झाली. ओतायला घेतली तेव्हा लक्षात आलं, पण टाकून देववेना, म्हणून अर्धी माझ्या कपात ओतली आणि अर्धी त्या नव्या कपात. सहा वाजेपर्यंत दाराकडे बघत बसले. मग माझी कॉफी प्यायले, आणि मग दुसऱ्या कपातली, गार झालेली, तीही प्यायले. दोन्ही कप घासले आणि जाळीत ठेवले. या वेळी दोन्ही खरोखरच वापरलेले होते.